छपराचं शिसं

लविना रात्रपाळी संपवून फोन करते
तेव्हा माझं दुपारचं ताट घासून झालेलं असतं.
ती चालत असते. वारा, तिचा श्वास, सीगलांची भांडणं.
मग म्हणते, डॅडी, हे बघा,
आणि दाखवते एक देऊळ
ज्याला छप्पर नाही.

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.
तलावपाळीवर कुणी विचारलं, देऊळ कुठे,
तर मी आधी विचारतो, कोणाचं?

एल्गिन. बिशपचं गाव.
आठशे वर्षांपूर्वी इथे त्याची खुर्ची आली, ती सांगते,
आणि खुर्ची आली की गाव जमतंच:
कातडं कमावणारे, मेणबत्त्यावाले, कारकून,
पाद्रींच्या घरांभोवती उंच दगडी भिंत.
हे मला समजतं.
ठाण्यातही राजाची गादी होती म्हणतात.
कुठे खणलं की कोरीव दगड हाताला लागतो,
कुणाचा गुडघा, कुणाचा मुकुट.
गादी मात्र अजून निघालेली नाही.

राजाच्या एका भावाने बायको टाकली.
बिशपने त्याला वाळीत टाकलं.
त्याने माणसं आणून गाव जाळलं, देऊळही.
(पास्कू घोन्साल्विस म्हणाला, एवढ्यावरून?
त्याचा सख्खा भाऊ कुंपणाच्या दोन वितींवरून
एकवीस वर्षं त्याच्याशी बोललेला नाही.)

त्यांनी पुन्हा बांधलं.
पुढे पंथ बदलला, लॅटिन गेलं,
आणि सरकारला शिपायांचे पगार द्यायचे होते.
छपरावरचं शिसं उतरवलं, विकायला जहाजात भरलं.
जहाज किनाऱ्यापासून फार लांब गेलंच नाही.

मी एकतीस वर्षं वागळे इस्टेटीत लेथवर.
शिसं मला ठाऊक आहे.
नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ,
पण मुठीएवढा तुकडा खिशात टाका, विजार खाली येते.
मी त्या खलाशांचा विचार करतो.
आणि त्या हिवाळ्याचा,
जेव्हा बर्फ कुणाला न विचारता वेदीपर्यंत आला असेल.

एका ईस्टरला मधला मनोरा आपणच खाली बसला.
शंभर वर्षं कुणी ढिगाऱ्याला हात लावला नाही.
मग एक चांभार आला,
पिणारा होता, लविना जरा हळू सांगते,
माझ्याबद्दल काही न बोलता.
फावडं आणि एकचाकी गाडी.
दोन हजार आठशे सहासष्ट गाड्या राडारोडा.
बिशपांची नावं मी विसरलो. हा आकडा राहिला.

काल तिने दाखवलं ते वेगळं होतं.
कोपऱ्यातली एक खोली, तिच्यात दगडी कुंड,
पाद्रींचे हात धुवायचं.
एका शिपायाची निराधार बायको तिथे राहायची म्हणे,
पोर कुंडात निजवायची.
पोर मोठं झालं, कंपनीच्या फौजेत गेलं.
कुठे, मी विचारलं.
डॅडी, मुंबईला.

जाताना पैसा नेला. मागे ठेवला.
त्यातून अनाथांसाठी, म्हाताऱ्यांसाठी घर झालं, घुमटाचं.

मी काही बोललो नाही.
खाडीकडच्या किल्ल्यात आता तुरुंग आहे.
तो कधी तिथवर आला का, मला माहीत नाही.
त्या पैशात आमच्या मिठागरांचं काही होतं का,
तेही नाही. लिहिलेलं असेल कुठेतरी.
एवढं माहीत आहे की माझी मुलगी त्या गावात
रात्रभर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते
आणि पाच तारखेला पैसे पाठवते.

ह्या महिन्याच्यातले थोडे पास्कूला दिले.
देवळाच्या पन्हळीचा जोड सुटलाय, तलावाच्या बाजूचा.
त्याने प्लास्टिकचा पाइप आणला, राखाडी,
लांबून शिशासारखा दिसणारा.
मी म्हटलं, शिडी धर.

आज फोन वाजला तेव्हा मी वर होतो.
जेवलात का, तिने विचारलं.
म्हटलं, थांब, दोन्ही हात गुंतलेत,
छपरावर आहे.